‘उत्तम नागरिकत्व’ घरात बसून शिकता येईल काय?

माझी एक भाची गेली वीस वर्षे अमेरिकेतील टेक्सास राज्यात राहते. तिची मुलगी यंदा बारावीत आहे; परंतु कोणत्याही शाळेच्या पटावर तिचे नाव नाही. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ती घरी शिकू लागली आणि शाळा पुन्हा उघडल्यानंतरही घरीच शिकत राहिली. गणित, भौतिकशास्त्र, संगणक या विषयांची तजवीज आईवडिलांनी चोख केली आहे, कारण दोघेही अभियंते आहेत. गाडे अडले ते सामाजिक शास्त्रांपाशी. “मामा, या शेवटच्या वर्षात इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी काय घ्यावे, किती घ्यावे आणि कोणाकडून शिकावे, ते तुम्हीच सांगा. तुम्ही जन्मभर हेच शिकवलेत,” असे भाचीने मला कळवले.

एका सुखवस्तू कुटुंबाच्या या खाजगी अडचणीची चर्चा पक्षाच्या साप्ताहिकात कशाला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु उत्तर लिहायला बसलो आणि ध्यानात आले की, मुलाला समाज कोणी शिकवायचा, कोणता समाज शिकवायचा आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हे तीनही प्रश्न या एका निवडीत गुंतलेले आहेत. ते प्रश्न समाजवादी माणसाचे आहेत आणि आपल्या घरातही ते उभे आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेतील गृहशिक्षणाची चळवळ मुळात उजव्या विचारांची होती असा आपल्याकडे समज आहे. तो अपुरा आहे. १९६४ साली ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ हे पुस्तक लिहिणारे जॉन होल्ट हे शिक्षक होते. शाळा मुलांना भीतीने शिकवतात आणि त्यामुळे मुले उत्तरे पाठ करतात, विचार करीत नाहीत, हे त्यांचे दुखणे होते. शाळा सुधारत नाहीत असे पाहून त्यांनी १९७७ साली शाळेविना शिकणाऱ्यांसाठी एक पत्रिका सुरू केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबे या वाटेने फार मोठ्या संख्येने आली आणि चळवळीचा कल बदलला. विज्ञानातील उत्क्रांतीपासून इतिहासातील गुलामगिरीपर्यंत सार्वजनिक शाळेत जे शिकवले जाते ते अनेकांना नको होते. १९९३ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

साथीच्या वर्षी आणखी एक लाट आली. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२० च्या वसंत ऋतूत ५.४ टक्के कुटुंबे मुलांना घरी शिकवत होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हे प्रमाण ११.१ टक्के झाले. कृष्णवर्णीय कुटुंबांत तर ते ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेले. शाळेत आपल्या मुलांना कमी लेखले जाते, शिक्षा मात्र जास्त होते, हा ज्यांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे त्यांनी शाळेकडे पाठ फिरवली, तर त्यांना प्रतिगामी म्हणून मोकळे होता येणार नाही. तेव्हा गृहशिक्षण म्हटले की कपाळाला आठी घालण्यापूर्वी कोण, कशासाठी घरी शिकवीत आहे, हे विचारले पाहिजे.

कायद्याचा इतिहासही असाच दुपदरी आहे. १९२२ साली ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सार्वजनिक शाळेत पाठवणे सक्तीचे केले. वरवर पाहता हा समतेचा कायदा. परंतु त्याच्या पाठीशी कॅथलिकांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना उभी होती. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील अमिश पंथीयांचा खटला आला. आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवणे आमच्या धर्माविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि न्यायालयाने ते मान्य केले. त्या निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवले. त्यांचा प्रश्न साधा होता: आईबाप बोलले, राज्य बोलले, ज्या मुलाचे आयुष्य पणाला लागले आहे त्याला कोणी विचारले काय? या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याने माझीच चूक मला दाखवून दिली.

आता टेक्सासकडे वळू. न्यूयॉर्क राज्यात घरी शिकवणाऱ्या पालकाला वर्षाचा आराखडा सादर करावा लागतो, तिमाही अहवाल द्यावे लागतात, वार्षिक मूल्यमापन करून घ्यावे लागते. हायस्कूलच्या वर्षांत अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवहारातील सहभाग आणि अर्थशास्त्र हे विषय झालेच पाहिजेत. टेक्सासमध्ये यांतले काहीही नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली असे ठरवले की, घरची शाळा ही खाजगी शाळाच होय. मात्र अभ्यासक्रम प्रामाणिकपणे राबवला पाहिजे आणि त्यात पाच विषय असले पाहिजेत. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि पाचवा ‘उत्तम नागरिकत्व’. त्यापलीकडे परीक्षा नाही, तपासणी नाही, कोणाला कळवण्याचे बंधनही नाही. इतिहास हा शब्द त्या यादीत नाही. अर्थशास्त्र नाही. विज्ञानसुद्धा नाही. पण उत्तम नागरिकत्व आहे! ते कशाने येते, हे मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापले ठरवायचे.

ठरवायचे म्हणजे बहुधा विकत घ्यायचे. गृहशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची तेथे मोठी बाजारपेठ आहे. भाचीने मला काही संचांची माहितीपत्रके पाठवली. एका संचात अमेरिकेचा इतिहास म्हणजे ईश्वरी योजनेची कथा होती. दुसऱ्यात तो थोर उद्योजकांच्या चरित्रांची माळ होती. गिऱ्हाइकाला जे ऐकायला आवडेल ते देणे हा बाजाराचा धर्मच आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु समाजशास्त्राचे काम नेमके याच्या उलट असते. जे ऐकायला आवडत नाही, जे आपल्या घरात कोणी बोलत नाही, ते दाखवणे हे त्याचे काम. आईबापांच्या पसंतीने निवडलेला इतिहास मुलाला घराबाहेर नेईल कसा?

मग सार्वजनिक शाळेतील अभ्यासक्रम निर्दोष आहे काय? तसेही नाही. टेक्सासच्या सार्वजनिक हायस्कुलांतील अर्थशास्त्राच्या विषयाचे अधिकृत नाव आहे ‘मुक्त उद्योगव्यवस्था व तिचे लाभ यांवर विशेष भर देणारे अर्थशास्त्र’. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. पण एखाद्या विषयाचा निष्कर्ष त्याच्या नावातच छापलेला मी दुसरा पाहिला नाही. २०१० साली तेथील राज्य शिक्षण मंडळाने सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमातील ‘भांडवलशाही’ या शब्दाच्या जागी ‘मुक्त उद्योगव्यवस्था’ हा शब्द घातला. २०१५ साली ह्यूस्टनजवळच्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिकेतून साखळदंडांनी बांधून आणलेल्या माणसांचा उल्लेख ‘कामगार’ असा आहे. त्याच्या आईने तो प्रसिद्ध केला, गदारोळ झाला आणि प्रकाशकाला चूक कबूल करावी लागली. ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. पुस्तक सार्वजनिक होते म्हणून चूक सार्वजनिक झाली आणि सार्वजनिक झाली म्हणून ती सुधारली. तेच वाक्य एखाद्या घरी विकत आणलेल्या पुस्तकात असते तर ते कोणाच्या दृष्टीस पडले असते? सार्वजनिक शिक्षणाच्या बाजूने मला यापेक्षा सबळ युक्तिवाद सुचत नाही. सरकारी पुस्तक चांगले असते म्हणून ते हवे असे नाही. त्याच्याशी सर्वांना भांडता येते म्हणून ते हवे.

एवढा विचार करून मी एका संध्याकाळी यादी तयार केली. इतिहास वर्षभर, शासनव्यवस्था सहा महिने, अर्थशास्त्र सहा महिने. प्रत्येकासाठी पुस्तके, प्रत्येकासाठी निबंधांचे विषय. तीस-पस्तीस वर्षांचा अध्यापकीय हात. यादी झोकात उतरली. ती पाठवून दिली आणि दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. “मामाआजोबा, यादी छान आहे. पण मला मानसशास्त्र शिकायचे होते. ते का नको, हे तुम्ही लिहिलेच नाहीत.” मी निरुत्तर झालो. डग्लस यांचे मत विद्यार्थ्यांना समजावून सांगताना माझ्या वाणीला धार चढत असे. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा आई बोलली, मामा बोलला आणि जिचे वर्ष आहे तिला कोणी विचारले नाही. आपण समाजवादी लोक मुलांच्या, स्त्रियांच्या, श्रमिकांच्या वतीने इतके बोलतो की त्यांना बोलू देण्याचे राहून जाते, अशी टीका आपल्यावर पूर्वीपासून होत आली आहे. ती किती खरी आहे हे त्या दिवशी मला कळले.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघे बोललो आणि यादी नव्याने झाली. ती येथे देतो, कारण तिच्यामागची कारणे महत्त्वाची आहेत.

पहिला विषय शासनव्यवस्था. ती येत्या काही महिन्यांत अठरा वर्षांची होईल. १९७१ सालच्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तेथे अठराव्या वर्षी मताधिकार दिला. टेक्सासमध्ये सतरा वर्षे दहा महिने पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज करता येतो. ज्या वर्षी मत हाती येते त्या वर्षी राज्य कसे चालते हे शिकावे, यात वादाला जागा नाही. यासाठी तिने ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखली जाणारी महाविद्यालयीन दर्जाची परीक्षा निवडली. गृहशिक्षित विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक आईच लिहिते. तेव्हा बाहेरच्या परीक्षेचा एखादा पुरावा असला की विद्यापीठाला तुलना करणे सोपे जाते. जवळच्या एखाद्या शाळेला विनंती करून शरद ऋतूतच नाव नोंदवावे लागते आणि मे महिन्यात परीक्षा होते. या अभ्यासक्रमात नऊ मूळ दस्तऐवज सक्तीचे आहेत. त्यांत अमेरिकेची घटना आहे, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्रही आहे. न्यायालयीन निकालांत शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा निकाल आहे आणि वर उल्लेखिलेला अमिशांचा खटलाही आहे. म्हणजे ही मुलगी घरी का शिकू शकते, हाच तिच्या अभ्यासाचा एक धडा आहे.

दुसरा विषय अर्थशास्त्र. परंतु तो तिने घरी शिकू नये, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन शिकावा, ही माझी एकमेव आग्रहाची अट होती. ही सार्वजनिक पैशाने चालणारी, कमी फी घेणारी महाविद्यालये अमेरिकेतील माझ्या मते सर्वांत आदरणीय संस्था आहेत. तेथे दिवसभर गोदामात राबून आलेला तिशीचा माणूस, दोन मुलांची आई आणि सतरा वर्षांची मुलगी एका बाकावर बसतात. मजुरी किमान किती असावी यावर वर्गात चर्चा होते तेव्हा त्या मजुरीवर जगणारा माणूस शेजारी असतो. पुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत नसलेले काहीतरी तो सांगतो. गृहशिक्षणात उणीव असेल तर ती याच शेजाऱ्याची. उत्तमातला उत्तम शिक्षक घरी आणूनही ती भरून निघत नाही.

अर्थशास्त्राचा एक स्वाध्याय मात्र मी सुचवला. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हिमवादळ आले आणि ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. राज्याच्याच मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. केंद्राचे नियमन टाळता यावे म्हणून टेक्सासने आपले वीजजाळे देशातील दोन मोठ्या जाळ्यांपासून जवळजवळ अलग ठेवले आहे; त्यामुळे शेजाऱ्यांकडून पुरेशी वीज घेता आली नाही. २०११ च्या थंडीनंतर केंद्रीय अहवालाने वीजकेंद्रे थंडीला तोंड देतील अशी करण्याची शिफारस केली होती. ती बंधनकारक नसल्याने बहुतांशी कागदावर राहिली. टंचाईच्या त्या दिवसांत घाऊक विजेचा दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर या कमाल मर्यादेवर ठेवण्यात आला. त्या वेळी ही मुलगी बारा-तेरा वर्षांची होती. तीन दिवस घरातील सर्व जण एकाच खोलीत पांघरुणे घेऊन बसले होते हे तिला आठवते. किंमत ही केवळ माहिती देते की माणसांची निवडही करते, या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच्या आठवणीतून आणि आकड्यांतून शोधावे, असे मी सांगितले. मुक्त उद्योगव्यवस्थेचे लाभ तिने अवश्य शिकावेत. हिशेबाची दुसरी बाजूही त्याच वहीत मांडावी.

तिसरा विषय इतिहास. “तेच तेच पुन्हा कशाला?” ही तिची तक्रार. मी विचारले, तुझे आईबाप या देशात कसे येऊ शकले हे तुला ठाऊक आहे काय? संगणक अभियंते म्हणून आले, असे ती म्हणाली. तेव्हा तिला भगतसिंग थिंद यांची हकीकत सांगितली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या या पंजाबी माणसाला १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, कारण तो ‘गोरा’ नव्हता. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो १९४६ साली आणि तेव्हाही वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. तो कायदा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ आला, हा योगायोग नव्हे. ज्या कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, त्यांच्या लढ्याने जी हवा बदलली तिचा लाभ आपल्या सुशिक्षित मंडळींना झाला. आणि त्याच १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात शिरण्याचा आग्रह धरला म्हणून डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली होती, हेही मी तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे माझ्या कोणत्याच पुस्तकात नाही.” इतिहास तिने यादीत ठेवला आणि मानसशास्त्रही ठेवले. चार विषय जड जातील असे मला वाटते. पण निर्णय तिचा आहे.

पाचवी गोष्ट विषय नव्हे, काम आहे. महिन्यातून एकदा नगरपरिषदेच्या अथवा शालेय मंडळाच्या सभेला जाऊन बसायचे. या सभा सर्वांना खुल्या असतात. ज्या शाळेत ती जात नाही त्या शाळेचे अंदाजपत्रक तेथे तिच्यासमोर वाचले जाईल. टेक्सासमधील शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. म्हणजे श्रीमंत वस्तीच्या शाळा श्रीमंत, गरीब वस्तीच्या गरीब. सॅन अँटोनियो शहरातील एका गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या वस्तीतील पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, केंद्रीय राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. भारतात २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. आपण त्याचे काय केले हा प्रश्न वेगळा. परंतु तो आहे.

या साऱ्यावर पक्षातील माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने आक्षेप घेतला. “सार्वजनिक शाळा सोडून जाणाऱ्यांना तुम्ही मदत का करता? उद्या तेच लोक आपला कर परत मागतील.” आक्षेप पोकळ नाही. २०२५ च्या मे महिन्यात टेक्सासने असाच कायदा केला. खाजगी शाळेची फी अथवा घरच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी सरकारी तिजोरीतून एक अब्ज डॉलरची तरतूद झाली. घरी शिकणाऱ्या मुलामागे वर्षाला २,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. शेतकऱ्यांच्या घामातून गोळा केलेला कर वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. ती येथे जशीच्या तशी लागू पडते. भाचीला मी स्पष्ट लिहिले आहे की, तो पैसा घेऊ नये. तिने अजून उत्तर दिलेले नाही. परंतु त्या मुलीला समाजाची ओळख करून देण्याचे नाकारल्याने सार्वजनिक शाळेचे काय भले होणार आहे? उलट ज्यांनी सार्वजनिक व्यवस्था सोडली त्यांच्या मुलांना ती का हवी, हे समजावून सांगण्याची गरज अधिक आहे.

आणि आपण कोणत्या तोंडाने त्या कुटुंबाला बोल लावायचा? महाराष्ट्रातील विज्ञान शाखेच्या हजारो मुलांकडे पाहा. कागदावर ती कनिष्ठ महाविद्यालयात असतात, प्रत्यक्षात क्लासमध्ये. दहावीची परीक्षा झाली की इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र यांच्याशी त्यांचा संबंध संपतो. बारावीपर्यंत एकही सामाजिक शास्त्र त्यांना सक्तीचे नाही. टेक्सासच्या ढिल्या नियमात ‘उत्तम नागरिकत्व’ हे दोन शब्द तरी आहेत. आमच्या विज्ञान शाखेच्या विषयांत तेही नाहीत. जो मुलगा अठराव्या वर्षी मत देणार त्याने समाजाविषयी शेवटचे पुस्तक सोळाव्या वर्षी मिटलेले असते. दहावीपर्यंत जे शिकवले जाते तेही आकसत चालले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२-२३ मध्ये पाठ्यपुस्तकांचा भार हलका करताना दहावीच्या राज्यशास्त्रातून लोकसंघर्ष व चळवळींवरचा आणि लोकशाहीपुढील आव्हानांवरचा, असे दोन्ही धडे वगळले. भार कोणाचा हलका झाला, हे सांगण्याची गरज नाही.

या क्लासमध्ये आपल्या कार्यकर्त्यांचीही मुले आहेत. मी दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. माझा मुलगा दहावीनंतर इतिहास घेऊ इच्छित होता आणि मीच त्याला विज्ञानाकडे वळवले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने! ‘पुढे स्कोप नाही’ हे मध्यमवर्गाचे ब्रह्मवाक्य माझ्याही तोंडी होते. जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेला गेले ते विज्ञान शिकायला. फळबागांत आणि उपाहारगृहांत मजुरी करीत शिकले, विस्कॉन्सिनमध्ये मार्क्स वाचला आणि १९२९ साली परतले ते समाजशास्त्राची पदवी घेऊन. डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला. १९१६ साली जातिव्यवस्थेवरचा आपला पहिला निबंध वाचला तो तेथील मानववंशशास्त्राच्या वर्गात. ‘स्कोप’ पाहून विषय निवडले असते तर या देशाच्या वाट्याला काय आले असते, याचा विचार करावा.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आपल्या प्रत्येक तालुका शाखेने सोळा ते अठरा वयोगटातील मुलामुलींसाठी वर्षात निदान सहा अभ्यासवर्ग घ्यावेत. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाने हे काम अनेक वर्षे केले आणि त्यातून माणसे घडली. आपण मोर्चे आणि निवडणुका यांच्या धबडग्यात ते सोडून दिले. या वर्गांत भाषणे नकोत. पहिल्या वर्गात गावच्या ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे अंदाजपत्रक घेऊन बसावे. दुसऱ्यात विजेचे बिल, तिसऱ्यात रेशन दुकान, चौथ्यात गावातील शाळेचा पट आणि शिक्षकांची रिक्त पदे. पाचवा वर्ग ग्रामसभेत भरवावा. सहाव्यात मुलांनी बोलावे आणि आपण ऐकावे. क्लासला जाणाऱ्या मुलांनी यावे म्हणून वेळ रविवारी सकाळची ठेवावी आणि कोणत्याही जातीची, कोणत्याही माध्यमाची मुले एका सतरंजीवर बसतील याची काळजी घ्यावी. वर्गात काय शिकवले यापेक्षा शेजारी कोण बसले होते, यावर नागरिकत्वाचा निम्मा धडा अवलंबून असतो.

शीर्षकातील प्रश्नाचे माझे उत्तर यातच आले. वाचन, व्याकरण, गणित घरी शिकता येते. अनेक मुले ते शाळेपेक्षा चांगले शिकतात. इतिहासाची पुस्तकेही घरी वाचता येतात. पण ज्यांच्याशी आपले पटत नाही, ज्यांचे जगणे आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्यासह एका छताखाली बसून निर्णय घेण्याची सवय घरात लागत नाही. ती मुलगी पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा शालेय मंडळाच्या सभेला जाणार आहे. तेथे काय झाले ते मला कळवण्याचे तिने कबूल केले आहे. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला आपल्यापैकी किती जण स्वतःच्या मुलांना घेऊन जाणार आहेत, हे मला तितक्याच उत्सुकतेने जाणून घ्यायचे आहे.